ब्रिसाची मान

१३ सप्टेंबर, शनिवार

नैनाचा दुसरा बूट शोधायला बाकाखाली वाकलो होतो, तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीवर एक मूल ठेवलं. उठलो तेव्हा ते माझ्या गळ्याला धरून होतं. ठेवणाऱ्या बाई पुढे निघून गेल्या होत्या. त्यांच्या दोन्ही हातांना आणखी एकेक मूल लोंबत होतं. पाठीवरचं मूल खाली उतरायला तयार नव्हतं. रडतही नव्हतं. सकाळभर मी तसाच वावरलो.

जागा म्हणजे नदीपलीकडच्या गावातल्या समाजमंदिराचा वरचा मजला. शनिवारी सकाळी इथे परदेशी कामगारांची लहान मुलं जमतात, पहिलीत जायच्या आधीची. बहुतेक ब्राझीलची आणि पेरूची. आईबाप कारखान्यांत. बाईंचं नाव ओनुकी-सान. बालवाडीतून निवृत्त झालेल्या, पण तसं वाटत नाही. माझ्याकडे पाहून वाटतं.

इथे यायची कल्पना राधिकाची. "बाबा, नैनाला जरा सवंगडी मिळतील. घेऊन जाल का तिला?" म्हणाली. त्सुकुबाहून गाडीने सोडताना तिने नैनाला जपानीत बरंच काही बजावलं. त्यात 'ओजीचान' दोनदा आलं. ओजीचान म्हणजे मी.

भाषेची व्यवस्था अशी. मी नैनाशी मराठीत बोलतो. ती ओनुकी-सानना जपानीत सांगते. त्या काय म्हणाल्या ते मला इंग्रजीत सांगते. ती सहा वर्षांची आहे. मध्ये काय गाळते ते कळायला मार्ग नाही.

१४ सप्टेंबर

सकाळी नैनाला विचारलं, दूध गरम हवं का. उत्तर नाही. गरम करून दिलं.

उभं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं. नात मराठीचा एक शब्द तोंडातून काढत नाही. संध्याकाळी ताराला फोनवर हे सांगितलं. तारा पुण्यातच राहिली आहे; तिला इथली थंडी नको.

"तुमच्या वर्गातली मुलं तरी कुठे बोलायची?" ती म्हणाली.

२० सप्टेंबर

पाठीवरच्या मुलीचं नाव ब्रिसा. पेरूची. एप्रिलमध्ये पहिलीत जाईल. ती बोलत नाही. ओनुकी-सानशी नाही, मुलांशी नाही. ऐकते मात्र सगळं. खाऊचा डबा उघडला की खोलीत सर्वांत आधी तिला कळतं.

आईचं नाव मारिबेल. जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात काम करते. तिथे कुणीतरी तिला सांगितलं की घरात स्पॅनिश बोललीस तर मुलगी गोंधळेल. तेव्हापासून ती ब्रिसाशी जपानीत बोलते. तिला जपानी येतं ते कारखान्यापुरतं. म्हणजे घरात 'लवकर', 'थांब' आणि 'हात धुतले का'. ओनुकी-सान तिला दर शनिवारी सांगतात, तुझ्या भाषेत बोल, गोष्टी सांग, भांड सुद्धा. ती होकार देते आणि विश्वास ठेवत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी शाळेची तपासणी असते. डोळे, दात, उंची, आणि काही प्रश्न. मूल उत्तर देत नसेल तर वेगळ्या वर्गाची शिफारस होते. तो वर्ग वाईट नाही, ओनुकी-सान म्हणाल्या, ज्यांना हवा त्यांच्यासाठी चांगला आहे. ब्रिसाला तो नको. आणि एकदा गेलं की तिथून परत येणं कठीण.

मारिबेलची मागणी एकच. ब्रिसा सगळ्यांच्या वर्गात बसावी. हे तिने मला सांगितलं, पण पाहत होती नैनाकडे. भाषांतर करणाऱ्याकडेच लोक पाहतात. मलाही आता सवय झाली आहे.

मी म्हणालो, माझ्यावर सोडा. नैनाने याचं काय केलं माहीत नाही. मारिबेल हसली.

२७ सप्टेंबर

कडधान्यं घेऊन गेलो. राधिकाच्या डब्यातले राजमा, वाल, चवळी. थिआगो नावाच्या ब्राझीलच्या मुलाच्या आईने काळा घेवडा आणला; त्यांच्याकडे रोज शिजतो. सगळं एका परातीत मिसळलं आणि मुलांना निवडायला बसवलं, मांडी घालून. बोटांना काम, डोळ्यांना काम, तोंडाला विश्रांती. ओनुकी-सानना पद्धत आवडली. फक्त कुणी दाणा नाकात घालेल अशी त्यांना भीती होती. मी सांगितलं, माझ्याकडे असं होत नाही.

थिआगोच्या नाकातून वाल काढायला फार वेळ लागला नाही.

४ ऑक्टोबर

आज ब्रिसाने उत्तर दिलं.

माझी पद्धत साधी आहे. दाणा उचलायचा, विचारायचं, "हा इकडे?" मग उत्तर स्वतःच करून दाखवायचं. इकडे असेल तर मानेने हो. नसेल तर मानेने नाही. शब्द कुठल्याही भाषेतला नको. मान सगळ्यांनाच असते. गेल्या शनिवारी ती नुसती बघत होती. आज चवळी उचलून विचारलं, "ही इकडे?" तर तिने मानेने हो म्हटलं. स्वच्छ, ठाम, माझ्याकडे बघून. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. काळा घेवडा चवळीत टाकायला गेलो तर मानेने नाही, आणि माझा हात धरला.

ओनुकी-सानना बोलावून दाखवलं. त्यांनी डोकं जरा कलतं करून बघितलं आणि "आ," म्हणाल्या. त्यांना नीट दिसलं नसावं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

थिआगोही आता मानेनेच उत्तर देतो. त्याच्या मागे बसलेली जुळी बहीणभावंडंही.

८ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, ब्रेड आणायला गेलो. तिथला मुलगा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. पिशवी हवी का? मी मानेने हो म्हणतो. तो पुन्हा विचारतो. मी पुन्हा हो म्हणतो. तो पिशवी अर्धी बाहेर काढून धरतो आणि माझ्याकडे बघतो. ही यांची अदब असावी. आपल्याकडे एकदा विचारलं तरी पुष्कळ.

११ ऑक्टोबर

ओनुकी-सान काळजीत आहेत. मुलांच्या मानेला काहीतरी झालंय म्हणतात. त्यांनी टेबलांची उंची मोजली, बुटकी टेबलं उंच केली, खिडकीचा वारा बंद केला. थिआगोच्या आईने त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान स्वच्छ आहेत.

मी मुलांकडे लक्षपूर्वक पाहिलं. मला काही दिसलं नाही. तरी सल्ला दिला: उशा बदलून बघा.

त्यांनी राधिकाच्या फोनवर एक चित्रफीत पाठवली. रात्री जेवताना आम्ही ती पाहिली. मुलं दाणे निवडताहेत, एवढंच. जावई निहार म्हणाला, "मला तर नॉर्मल दिसतंय." राधिकाने एका हाताने पोळी उलटत स्वयंपाकघरातूनच पाहिली. "गोड आहेत," म्हणाली. नैना ताटात बघून हसत होती. विचारलं तर जपानीत काहीतरी पुटपुटली.

१६ ऑक्टोबर

नैनाच्या शाळेची तपासणी झाली. राधिका सांगत होती, तिथे ती प्रत्येक प्रश्नाला जपानी बायकांसारखी मान वर-खाली करत होती. चिमणी दाणे टिपते तशी. मी म्हटलं, ही कुठून शिकली? घरी तर असं करत नाही.

२३ ऑक्टोबर

आज ब्रिसाची तपासणी. दुपारभर काही सुचलं नाही. संध्याकाळी ओला कचरा प्लास्टिकच्या दिवशी बाहेर ठेवला. शेजारच्या आजीबाई तो परत आणून देऊन गेल्या, दोनदा वाकून.

२५ ऑक्टोबर

मारिबेल आली ती बूट काढायच्या जागीच बसली, अंगातला कोट न काढता. ब्रिसा आत येऊन परातीशी बसली.

मारिबेल सांगत होती, ओनुकी-सान ऐकत होत्या, नैना मला सांगत होती. तपासणाऱ्यांनी चित्रं दाखवली. हा ससा आहे का? ही छत्री आहे का? ब्रिसा नुसती मान इकडून तिकडे सोडत राहिली. ना हो, ना नाही. त्यांना वाटलं, तिला प्रश्नच कळत नाही. कदाचित मानेवर ताबाही नाही. आणखी एक तपासणी करू, तोवर वेगळ्या वर्गाचं मनात ठेवा, असं सांगितलं. अगदी सौम्यपणे सांगितलं. मारिबेल म्हणाली, सौम्यपणे सांगितलं म्हणून तिला जास्त भीती वाटली.

मी संतापलो. म्हणालो, "अहो, ती हो म्हणत होती. मी शिकवलंय तिला. ससा असेल तर हो. यात न कळण्यासारखं काय आहे? सांग त्यांना, नैना."

नैनाने सांगितलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात ताराचा फोन आला, चेहरा दिसणारा. पुण्यात सकाळ. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मध्ये मध्ये मानेने हं हं करत होती, मीही. बोलणं संपलं तेव्हा लक्षात आलं की ओनुकी-सान माझ्याकडे बघताहेत. मग फोनकडे. मग परातीशी बसलेल्या ब्रिसाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला आणि जिन्याकडे गेल्या. त्यांचे खांदे हलत होते.

फार हळवी बाई. ब्रिसावर त्यांचा जीव आहे.

२६ ऑक्टोबर

राधिका चहा घेऊन समोर बसली. ती सहसा उभ्यानेच चहा पिते.

"बाबा, ओनुकी-सानचा फोन आला होता. तुम्ही हो कसं म्हणता?"

"हो असं."

"तोंडाने नाही."

तिने ती मागची चित्रफीत पुन्हा लावली आणि बोट ठेवलं. मधोमध मी, हातात राजमा. माझी मान एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे जात होती आणि परत येत होती, संथपणे, जणू तिला कुणी विचारलंच नव्हतं. भोवती बसलेली मुलं तसंच करत होती. ब्रिसा सर्वांत छान करत होती.

"हे मी करत नाही," मी म्हणालो.

"आत्ताही केलंत."

"हे म्हणजे हो. यात काय चुकलं?"

"आपल्यात हो. इथे हो म्हणजे वर-खाली. असं केलं तर लोकांना वाटतं, याचं नक्की नाही. नाहीतर मान आखडलीय."

"मग तू कशी करतेस?"

"ऑफिसात मान धरून ठेवते. घरी आले की सोडते."

"तुला आधी दिसलं नाही?"

"बाबा, या घरात सगळेच हलवतात. कुणाचं दिसणार?"

निहार लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "मी नाही हलवत." राधिकाने मला खूण केली. आम्ही दोघांनी पाहिलं.

नैनाला पहिल्या शनिवारपासून माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस, विचारलं. "नोबडी आस्क्ड," म्हणाली.

तारा फोनवर पुष्कळ हसली. "दारात नंदीबैल यायचा तेव्हा तुम्ही मला सांगायचात, बघ, कशालाही मान डोलावतो. आता जपानला गेलाय तो."

मी फोन ठेवला.

२९ ऑक्टोबर

हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एक मुलगी कुणालाच उत्तर देत नव्हती. मी तिला एक उत्तर दिलं, आणि ते तिच्या शाळेत चालत नाही. ती मात्र ते विश्वासाने घेऊन गेली आणि सगळ्यांसमोर दिलं. पुन:पुन्हा दिलं. मी वाणीशुद्धीवर व्याख्यानं दिलेली आहेत.

मान सुधारायची ठरवलं. मफलर घट्ट गुंडाळला. आरशासमोर वर-खाली करून बघितलं. मागे नैना येऊन उभी राहिली. तिने माझी हनुवटी धरून दोनदा खाली-वर केली, पंपासारखी, आणि खेळायला गेली.

१ नोव्हेंबर

मफलर बांधून गेलो. चवळी उचलली. "ही इकडे?" आणि मान वर-खाली केली, ठरवल्याप्रमाणे. ब्रिसाने माझ्या तोंडाकडे बघितलं. मफलरकडे बघितलं. उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. तिने परात थोडी स्वतःकडे ओढून घेतली आणि माझ्याकडे पाठ केली. सकाळभर तशीच. मानेने हो नाही, नाही सुद्धा नाही.

होतं तेवढंही घालवलं.

निघताना ओनुकी-सान आल्या. माझा मफलर सोडला, घडी घातली, माझ्या हातात दिला. नैनाशी बराच वेळ बोलल्या.

"शी सेज, डोन्ट फिक्स युवर नेक," नैना म्हणाली.

"एवढंच? एवढा वेळ बोलल्या की."

नैनाने विचार केला. मग राधिका घ्यायला आली तेव्हा तिला सगळं जपानीत सांगितलं, आणि राधिकाने मला मराठीत. ओनुकी-सानचं म्हणणं असं. ब्रिसाला उत्तर येतंय. ते मोडायचं नाही. वर-खाली पुढे शिकेलच, मुलांमध्ये बसली की आठवड्यात. दुसऱ्या तपासणीला त्या स्वतः जाणार. त्यांची अट एकच असेल. फक्त 'हो'चे प्रश्न विचारायचे नाहीत. 'नाही'चेही विचारायचे.

८ नोव्हेंबर

मफलर न घालता गेलो. ब्रिसाने आधी माझा गळा तपासला. मग चवळी माझ्या तोंडासमोर धरली. आज प्रश्न तिचा होता. मी उत्तर दिलं, नेहमीसारखं. तिने चवळी वाटीत टाकली.

मारिबेल आज थांबली होती. तिने घरून बिस्किटं आणली होती, दोन नानकटायांमध्ये आटवलेलं दूध भरावं तशी. ओनुकी-सान तिला म्हणाल्या, ही कशी करतात ते ब्रिसाला सांग, तुझ्या भाषेत. मारिबेल लाजली. मग सांगू लागली. ब्रिसा दाणे सोडून ऐकत बसली. थिआगोही, त्याला ती भाषा अर्धी कळते. मला काहीच कळलं नाही, पण शेवटी सगळे हसले, म्हणजे काहीतरी करपलं असणार.

मारिबेल एका दमात एवढं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबर

दुसरी तपासणी. ओनुकी-सानच्या विनंतीवरून समाजमंदिरातच. शिक्षण कार्यालयातून एक तरुण गृहस्थ आले होते, गळ्यात ओळखपत्र, हातात चित्रांची गड्डी. मला मुलांच्या खुर्चीवर मागे बसवलं आणि हलायचं नाही असं सांगितलं. नैनाने हे भाषांतर फार आनंदाने केलं. तीच शेजारी बसून मला हळूच सांगत होती.

सशाचं चित्र. हा ससा आहे का? ब्रिसाने मान एका खांद्याकडून दुसरीकडे नेली. गृहस्थ ओनुकी-सानकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, पुढे विचारा.

तेच चित्र. ही बस आहे का?

ब्रिसाने मान ताठ केली आणि ठाम नकार दिला. खाडकन.

छत्री. ही छत्री आहे का? डोलली. हा मासा आहे का? खाडकन. गृहस्थ सावरून बसले. त्यांनी गड्डी पिसली आणि भराभर विचारायला लागले, खरं एक, खोटं दोन, मध्येच पुन्हा ससा. ती चुकली नाही. ते मुद्दाम गाजराचं चित्र कानाला लावून म्हणाले, हा फोन आहे ना? ब्रिसा त्यांच्याकडे बघत राहिली. मग मारिबेलच्या कोटाला ओढून, हाताचा आडोसा करून, तिच्या कानात काहीतरी बोलली. लांबलचक. स्पॅनिशमध्ये.

मारिबेलने तोंडावर हात ठेवला.

काय म्हणाली, गृहस्थांनी विचारलं. मारिबेल ओनुकी-सानकडे बघायला लागली. ओनुकी-सान म्हणाल्या, सांग.

"ती विचारतेय," मारिबेल म्हणाली, "या काकांना काहीच कसं माहीत नाही? यांना वेगळ्या वर्गात घालणार का?"

नैनाने हे मला सांगायच्या आधीच खोली हसत होती. गृहस्थ सर्वांत जास्त. घरात आपण कुणाच्या मागे काय बोलतो ते मुलांना कळत नाही असं मारिबेलला वाटत असावं. गृहस्थांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं.

निघताना त्यांनी ओनुकी-सानना विचारलं की निर्णय दोन आठवड्यांत कळवला तर चालेल का. त्यांनी विचारलं आणि मान जराशी खांद्याकडे कलंडली. त्यांना कळलं नाही. ओनुकी-साननी रुमाल काढला. आता मला तो रुमाल ओळखता येतो.

माझी मान मात्र दुखते आहे. तासभर धरून ठेवली होती. राधिका रोज ऑफिसात कसं करते कोण जाणे.

२९ नोव्हेंबर

अजून काही कळलेलं नाही. मारिबेल विचारत नाही. ब्रिसाला विचारलं, शाळेत जायचंय? तिने दाणे निवडता निवडता हो म्हटलं, माझ्या पद्धतीने. मी खिडकीकडे बघितलं.

नैना ब्रिसाला काहीतरी शिकवत होती. हनुवटी धरून, खाली-वर. ब्रिसा करून दाखवायची आणि दोघी हसून लोळायच्या. त्यांच्या लेखी ही ओनुकी-सानची नक्कल आहे.

५ डिसेंबर

संध्याकाळी मारिबेलचा राधिकाला फोन. ब्रिसा सगळ्यांच्या वर्गात बसेल. जपानीसाठी रोज एक तास वेगळी शिकवणी, बाकी दिवस सगळ्यांबरोबर. मारिबेलने हे पुन:पुन्हा सांगितलं, आधी जपानीत, मग स्पॅनिशमध्ये. राधिकाला स्पॅनिश येत नाही. तरी ती फोन कानाला लावून उभी होती आणि मान हलवत होती, घरची.

ताराला कळवलं. "मग नंदीबैल पास झाला म्हणायचं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नैना बोलते का हो मराठी?"

"नाही," मी म्हणालो. "एक शब्द नाही."

६ डिसेंबर

सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठलं होतं. नैनाला विचारलं, दूध गरम हवं का. तिने उत्तर दिलं, मानेने, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे. गरम करून दिलं.